गुणगुणलेली चाल आणि बासरीची ओळ

प्रश्न : पुण्यात राहणारी एक तरुण गीतकार आणि तिचा महाविद्यालयापासूनचा मित्र गेली काही वर्षे मिळून मराठी पॉप गाणी करतात. शब्द तिचे असतात. मित्राचा घरातच छोटा स्टुडिओ आहे. कॉर्ड, म्हणजे चालीला आधार देणारे एकत्र वाजणारे स्वर, बसवणे, बीट करणे, मिक्सिंग ही कामे तो करतो. मात्र बहुतेक गाण्यांचा मुखडा तिला शब्दांसकट चालीतच सुचतो आणि तो ती फोनवर गुणगुणून मित्राला पाठवते. त्यांचे एक गाणे रील्सवर गाजले आणि आता एका कंपनीला ते जाहिरातीसाठी हवे आहे. कंपनीने हक्कांची माहिती मागितली, तेव्हा तिच्या लक्षात आले की सर्व ठिकाणी ‘गीत’ म्हणून तिचे आणि ‘संगीत’ म्हणून फक्त मित्राचे नाव आहे. विचारल्यावर तो म्हणाला, “तू गुणगुणलीस, पण गाणे मी उभे केले. तुला कॉर्ड तरी कळतात का?” त्याच सुमारास त्या गाण्यात बासरी वाजवणाऱ्या तरुणाचा निरोप आला : सुरुवातीची बासरीची ओळ त्याने स्वतः रचली आहे, म्हणून संगीतकारांत त्याचे नाव यावे आणि जाहिरातीच्या पैशांत वाटा मिळावा. त्याचे ठरलेले मानधन रेकॉर्डिंगच्या दिवशीच दिलेले होते. मित्राने आपला हक्क डावलण्यासाठी हे मुद्दाम केले असे तिला वाटते. मित्राशी भांडावे की मैत्रीसाठी गप्प बसावे, आणि पैसे घेऊन गेलेल्या वादकाची मागणी अवाजवी नाही का, असे ती विचारते. पत्राच्या शेवटी तिने ओझरते लिहिले आहे की रील्समध्ये लोक बहुधा सुरुवातीचा, बासरीचाच तुकडा वापरतात.

उत्तर : तुमच्या पत्रात दोन माणसांबद्दलचे दोन प्रश्न आहेत, आणि ते एकमेकांपासून वेगळे आहेत असे धरून तुम्ही ते विचारले आहेत. मला मात्र तो एकच प्रश्न वाटतो. वाद्यावर न बसवलेली, केवळ ओठांवर आलेली सुरावट ही रचना मानायची की नाही, असा तुमचा मित्राशी वाद आहे. रेकॉर्डिंगच्या खोलीत उभ्याउभ्या सुचलेली बासरीची ओळ ही रचना मानायची की नाही, असा वादकाचा तुमच्याशी वाद आहे. पहिल्या वादात तुम्ही एक माप लावता आणि दुसऱ्यात निराळे. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण स्वतःची मेहनत प्रत्येकाला आतून दिसते आणि दुसऱ्याची फक्त बाहेरून. पण तुम्ही मित्रासमोर कोणते म्हणणे घेऊन बसणार आहात, हे ठरवण्याआधी तेच म्हणणे वादकाने तुमच्यासमोर मांडले तर तुम्ही काय उत्तर द्याल, याचा विचार करून पाहावा असे मला मनापासून वाटते.

आधी तुमच्या मागणीकडे पाहू. मित्राचा युक्तिवाद असा आहे की ज्याला कॉर्ड कळतात आणि जो वाद्यावर गाणे बसवतो, तोच संगीतकार. भारतीय कायदा असे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकाराची जी व्याख्या आहे, तिच्यानुसार संगीत रचणारी व्यक्ती ही संगीतकार असते, मग तिने ते स्वरलिपीत किंवा अन्य लेखी रूपात उतरवलेले असो वा नसो. म्हणजे फोनवर गुणगुणून पाठवलेला मुखडा, त्यात सुरांची आणि लयीची निश्चित आकृती असेल आणि तीच पुढे गाण्यात कायम राहिली असेल, तर ती संगीताची रचना आहे. तिला कॉर्डचे ज्ञान लागत नाही. ज्यांना वाद्य वाजवता येत नाही अशा कितीतरी लोकांनी अजरामर चाली दिल्या आहेत, आणि स्वरलिपीचा गंधही नसलेल्या आपल्या ओव्या आणि लोकगीते पिढ्यान्‌पिढ्या नेमक्या चालीत टिकली आहेत. तेव्हा मित्राचे ते वाक्य तुम्हाला लागले असेल, पण ते तुमच्या हक्काच्या आड येत नाही.

याच कायद्यात शब्द आणि संगीत या दोन स्वतंत्र कृती मानल्या आहेत. गाण्याचे बोल ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती. संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द स्पष्टपणे वगळलेले आहेत. त्यामुळे ‘गीत तिचे, संगीत माझे’ अशी नोंद झाली, तर केवळ नावाचा मान जातो असे नाही, तर त्या संगीतात तुमची काहीही मालकी नाही असे तुम्ही अप्रत्यक्षपणे मान्य केल्यासारखे होते. तुमच्या बाबतीत ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, ते मी पुढे जाहिरातीच्या संदर्भात सांगेन.

मात्र मित्राने हे जाणूनबुजून, तुमचा हक्क डावलण्यासाठी केले, या तुमच्या गृहीतकाशी मी लगेच सहमत होऊ शकत नाही. मराठी भावगीताने आपल्या मनात एक ठाम साचा घालून दिला आहे. कवीने कविता लिहावी, संगीतकाराने तिला चाल लावावी, गायकाने ती गावी, आणि आकाशवाणीवरून निवेदकाने तिघांची नावे क्रमाने सांगावीत. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांची चाल असे म्हणताना दोघांच्या कामांतली सीमा आपल्याला सहज दिसते. आजचे पॉप गाणे अशा क्रमाने तयार होतेच असे नाही. कधी आधी बीट होते, त्यावर कुणी अर्थहीन बोल गात चाल शोधते आणि मग खरे शब्द येतात. कधी तुमच्यासारखे शब्द आणि सूर एकाच श्वासात सुचतात. गाण्याच्या नोंदणीच्या अर्जातले रकाने मात्र तेच जुने असतात, आणि तुमच्या मित्राने ते भरताना शब्दांच्या रकान्यात तुम्हाला आणि संगीताच्या रकान्यात स्वतःला घालून टाकले असणे अगदी शक्य आहे. त्यानंतर तुम्ही विचारले, तेव्हा तो चूक कबूल करण्याऐवजी बचावात गेला. हे चांगले झाले नाही, पण लबाडी आणि बेफिकिरी यांत फरक आहे, आणि बोलणी कोणत्या सुरात सुरू होतात हे त्या फरकावर ठरते.

त्याचे काम कमी लेखण्याची चूकही करू नका. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही चूक अनेक दशके होत राहिली. गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी त्या संगीताला वाद्यवृंदाचा भरदार आवाज दिला, गाण्यांमधले सुरावटींचे तुकडे लिहून काढले आणि वादकांकडून बसवून घेतले. शंकर-जयकिशन यांच्यासाठी दीर्घकाळ संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसूझा हे नाव जाणकारांना ठाऊक आहे, सामान्य रसिकांना फारसे नाही. आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव बहुतेकांना ठाऊक झाले ते १९७७ च्या एका चित्रपटगीतामुळे, ज्यात संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचे नाव गुंफून त्यांना मानवंदना दिली. तुमचा मित्र घरातल्या स्टुडिओत जे करतो ते पुष्कळ अंशी याच परंपरेतले काम आहे. कॉर्डची निवड, बीट आणि वाद्यमेळ यांनी तुमच्या मुखड्याला गाण्याचे रूप दिले असेल, तर तोही संगीतकार आहे. तुमची मागणी त्याचे नाव काढण्याची नसून त्याच्या नावाशेजारी तुमचे नाव येण्याची आहे, हे त्याला पहिल्याच वाक्यात कळले पाहिजे. कायद्यातली सहकर्तृत्वाची कल्पना अशाच कामासाठी आहे : दोघांनी मिळून अशी कृती करणे, की एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढून दाखवता येत नाही.

आता बासरीवादकाकडे वळू. या प्रश्नावर मला जास्त लिहायचे आहे, कारण तुमच्या पत्रात याच्यावर सर्वांत कमी विचार झालेला दिसतो. “पैसे घेऊन गेला, मग आता कसला हक्क?” हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले आहे की ते कायदाच आहे असे अनेकांना वाटते.

ब्रिटनमध्ये १९८४ साली ‘द ब्लूबेल्स’ या स्कॉटिश बँडचे ‘यंग ॲट हार्ट’ हे गाणे आले. त्यात व्हायोलिन वाजवण्यासाठी बॉबी व्हॅलेंटिनो या वादकाला बोलावले होते आणि त्या कामाचे ७५ पौंड त्याला देण्यात आले होते. जवळजवळ नऊ वर्षांनी, १९९३ मध्ये, ते गाणे एका मोटारीच्या जाहिरातीत वापरले गेले, त्यामुळे पुन्हा बाजारात आले आणि ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. व्हॅलेंटिनोने दावा केला की ऐकणाऱ्याच्या मनात ठसणारी व्हायोलिनची ती सुरावट त्याने स्वतः रचलेली आहे. २००२ मध्ये न्यायालयाने त्याला गाण्याच्या संगीताचा सहकर्ता मानले आणि पुढच्या वर्षी अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. आपण मिळून सहकर्ते व्हायचे असे दोन्ही बाजूंनी आधी ठरवलेले असण्याची गरज नाही, असे अपील न्यायालयाने म्हटले. दिवसाचे मानधन दिले म्हणजे रचना विकत घेतली, हा बचाव तिथे टिकला नाही. तुमच्या प्रकरणातही एक वादक, एक ठसणारी ओळ आणि एक जाहिरात आहे.

दुसरे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. १९६७ मधले ‘प्रोकॉल हॅरम’ या ब्रिटिश बँडचे ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ हे गाणे गॅरी ब्रुकर आणि कीथ रीड यांच्या नावावर होते. त्यातले ऑर्गनचे सूर बँडचा ऑर्गनवादक मॅथ्यू फिशर याने रचलेले होते आणि गाणे आठवले की अनेकांना आधी तेच सूर आठवतात. फिशर २००५ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी न्यायालयात गेला. २००६ मध्ये त्याला संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा मिळाला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने त्याला सहकर्ता म्हणून मान्यता ठेवली, पण इतक्या उशिरा आल्यामुळे पैशांचा हक्क नाकारला. आणि २००९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो परत दिला, मात्र दावा दाखल झाल्यापासूनच्या काळापुरता. मधल्या अडतीस वर्षांचे उत्पन्न गेले ते गेलेच.

यावरून प्रत्येक वादक संगीतकार ठरतो असे समजू नये. १९९९ मध्ये ‘स्पँडाऊ बॅले’ या ब्रिटिश बँडच्या तीन सदस्यांनी त्याच बँडचा गीतकार-संगीतकार गॅरी केम्प याच्यावर दावा केला, त्यात गायक, सॅक्सोफोनवादक आणि ड्रमर होते. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. केम्प घरी गाणे शब्द, चाल आणि कॉर्डसह तयार करून आणत असे आणि बाकीच्यांचे योगदान, कितीही कौशल्याचे असले, तरी ते आधीच रचलेल्या गाण्याच्या सादरीकरणाचे होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जाता जाता सांगतो, हे सर्वजण पुन्हा एकत्र रंगमंचावर यायला २००९ साल उजाडले. ब्रिटिश निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण आपली सहकर्तृत्वाची व्याख्या त्यांच्या कायद्याच्या जवळची आहे आणि या दोन प्रकारच्या निकालांमधून प्रश्न कसा विचारायचा ते समजते.

तो प्रश्न असा. रेकॉर्डिंगच्या दिवशी बासरीवादकाला कुणी काही सांगितले होते का? मित्राने कीबोर्डवर ओळ वाजवून दाखवली आणि त्याने ती बासरीवर, स्वतःच्या मींड-हरकतींसह वाजवली, तर तो उत्तम सादरकर्ता आहे; आपल्या कायद्यानुसार सादरकर्त्यालाही स्वतःचे हक्क असतात आणि सादरीकरणाशी नाव जोडले जाण्याचा हक्क त्यात आहे, पण तो संगीतकार होत नाही. त्याउलट, “सुरुवातीला काहीतरी वाजव” एवढेच सांगून तुम्ही दोघे काचेपलीकडे बसला होतात आणि त्याने चार-पाच प्रयत्नांत ती ओळ शोधली असेल, तर ती ओळ त्याची आहे. यात एक मधली शक्यताही असते : त्याने ती ओळ तुमच्याच मुखड्याच्या सुरांवरून बेतलेली असू शकते. तसे असेल, तर त्याचा वाटा राहील, पण कमी होईल. हे तुम्ही तिघांनीच आठवून ठरवायचे आहे, आणि रेकॉर्डिंगच्या मूळ फायलींमध्ये त्या दिवसाचे सगळे टेक, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाचे ध्वनिमुद्रण, बहुधा अजून जपलेले असतील, ते ऐका. टेकच्या आधीचे संभाषणही कित्येकदा मायक्रोफोनमध्ये आलेले असते.

मानधनाबद्दल आपला कायदा बराच स्पष्ट आहे. कलम १९ नुसार कॉपीराइटचे हस्तांतर लेखी आणि सही केलेले असावे लागते. एका दिवसाच्या कामासाठी बोलावलेला स्वतंत्र वादक हा तुमचा नोकर नव्हे, त्यामुळे नोकरीत केलेल्या कामाचे हक्क नोकरी देणाऱ्याकडे जातात, तो नियम इथे सहज लागू होत नाही. रोख दिलेले पैसे किंवा मोबाइलवरून पाठवलेली रक्कम त्याच्या वाजवण्याचा मोबदला आहे; त्यातून त्याची रचना आपोआप तुमच्याकडे येत नाही.

आता जाहिरातीचा मुद्दा. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की लोक रील्समध्ये बासरीचा तुकडा वापरतात. कंपनीलाही कदाचित तेवढाच तुकडा हवा असेल, शब्दांशिवाय. तसे झाले, तर तुमच्या साहित्यकृतीचा त्या जाहिरातीत वापरच होत नाही, आणि तुमचे नाव फक्त ‘गीत’ या रकान्यात असेल तर त्या व्यवहारातून तुम्हाला काही मागण्याचा आधारच उरत नाही. कंपनी प्रत्यक्षात जे विकत घेत आहे, ते बासरीवादकाने रचल्याचा दावा आहे, त्यात तुमचा मुखडा नाही आणि मित्राच्या कॉर्ड पार्श्वभूमीला आहेत. म्हणजे ज्याची मागणी तुम्हाला अवाजवी वाटते, त्याचाच दावा या विशिष्ट व्यवहारात सर्वांत बळकट असण्याची शक्यता आहे. म्हणून कंपनीला पहिल्यांदा विचारा की नेमका कोणता भाग, किती सेकंद, शब्दांसह की शब्दांविना हवा आहे. हे उत्तर मिळाल्याशिवाय टक्केवारीवर बोलणे निरर्थक आहे.

नाव, मालकी आणि पैसा या तीन गोष्टी बोलण्यात मिसळू देऊ नका. नावाला काहीच खर्च येत नाही आणि ते आजच दुरुस्त करता येते. मी तुमच्या जागी असतो तर बासरीवादकाचे नाव ‘बासरी’ म्हणून तरी विनाअट आणि विनाविलंब सर्वत्र लावले असते, त्याचा संगीतातला वाटा नंतर ठरो. २०२० मध्ये आपल्या देशातल्या काही हिंदी गीतकारांनी ‘क्रेडिट दे दो यार’ असे म्हणत मोहीम केली, कारण ऑनलाइन मंचांवर गाण्यासोबत गायक आणि संगीतकार दिसत, पण शब्द लिहिणाऱ्याचे नाव गाळलेले असे. इंदूरच्या मराठी घरातले स्वानंद किरकिरेही त्यात होते. तुम्ही स्वतः गीतकार आहात. नाव गाळले जाण्याचा अर्थ तुम्हाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मालकीत पुन्हा दोन भाग आहेत : रचना आणि ध्वनिमुद्रण. रचनेचे मालक रचनाकार. ध्वनिमुद्रणाचा मालक मात्र निर्माता असतो, म्हणजे ते करण्यात ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली ती व्यक्ती. स्टुडिओ मित्राचा, खर्च त्याचा आणि खटपटही त्याचीच असेल, तर ध्वनिमुद्रण त्याचे मानावे लागेल. खर्च दोघांनी केला असेल, तर दोघांचे. जाहिरातीला रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा असे दोन्ही परवाने लागतात. मित्राला चालीतला वाटा तुमच्याशी वाटून घेणे जड जात असेल, तर ध्वनिमुद्रणातल्या त्याच्या वाट्याची तुम्ही मोकळेपणाने कबुली दिल्यास बोलणी सैल होतील असे मला वाटते.

टक्केवारीचे एकच न्याय्य सूत्र नाही. ‘आर.ई.एम.’ या अमेरिकन बँडने आपल्या गाण्यांचे श्रेय चारही सदस्यांत सारखे वाटले, कुणी किती सूर दिले हे मोजत बसले नाहीत. अमेरिकेत नॅशव्हिलच्या गीतकारांमध्येही गाणे लिहिताना जे खोलीत बसले होते त्यांच्यात सारखी वाटणी करण्याचा रिवाज आहे. मोजमापाच्या वादापेक्षा थोडा तोटा बरा, असा त्यामागचा व्यवहारी विचार आहे. तुमच्या गाण्याबाबत, पत्रातली माहिती खरी धरून, माझे मत असे : शब्द पूर्णपणे तुमचे, संगीत तुमचे आणि मित्राचे सारखे, आणि बासरीची ओळ वादकानेच रचली असे टेक ऐकून स्पष्ट झाले, तर संगीतात त्याला चौथ्या-पाचव्या हिश्श्याच्या आसपास वाटा द्यावा, तोही तुम्ही दोघांनी सारखा सोडलेला. जाहिरातीत फक्त बासरीचा तुकडा वापरला जाणार असेल, तर त्या एका व्यवहारापुरता त्याला अधिक देणे मला रास्त वाटते. हे मत आहे, निवाडा नव्हे. तिघांना मान्य होणारा वेगळा आकडा माझ्या आकड्यापेक्षा केव्हाही चांगला.

गप्प बसल्याने मैत्री टिकेल, या तुमच्या दुसऱ्या गृहीतकाबद्दल माझी शंका मोठी आहे. न बोललेली तक्रार प्रत्येक नव्या गाण्यात तुमच्यासोबत बसेल. पुढचा मुखडा त्याला पाठवताना तुमचा हात अडखळेल आणि त्याला कारण कळणार नाही. त्यामुळे बोलाच, पण नोटीस पाठवून किंवा समाजमाध्यमांवर लिहून सुरुवात करू नका, कारण चारचौघांत आरोप झाला की माणूस मत बदलू शकत नाही. भेटण्याआधी प्रत्येकाने आपापल्या आठवणीप्रमाणे, गाण्याचा कोणता भाग कुठून आला ते लिहून आणावे. तुमचे गुणगुणलेले संदेश तारखेसह सुरक्षित ठेवा, त्यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा आणि भेटीत ते सगळ्यांनी मिळून ऐका. ‘संगीतकार कोण?’ या प्रश्नाने प्रत्येकाचा अभिमान जागा होतो. ‘ही ओळ पहिल्यांदा कुणाला सुचली?’ हा प्रश्न तुलनेने शांतपणे सुटतो. कॉर्डविषयीचे ते वाक्य तुम्हाला लागले, हेही त्याला सांगा, मात्र पैशांच्या बोलण्यात नको. त्यासाठी वेगळा वेळ काढा.

ठरलेले लगेच कागदावर आणा. एक पानही पुरते : गाण्याचे नाव, तिघांची पूर्ण नावे, शब्दांतला आणि संगीतातला प्रत्येकाचा टक्का, ध्वनिमुद्रणाची मालकी, नावे कशी लागतील, आणि परवाना देण्याआधी कुणाकुणाची संमती लागेल, खाली तारीख आणि सर्वांच्या सह्या. या कागदाला व्यवसायात ‘स्प्लिट शीट’ म्हणतात. मग गाणे ऑनलाइन मंचांवर पोहोचवणाऱ्या वितरकाकडची नोंद त्याप्रमाणे बदलून घ्या, आणि तुम्ही इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या सदस्य नसाल तर सदस्यत्व घेऊन तिथेही हेच टक्के नोंदवा, कारण गीतकार-संगीतकारांचे मानधन जमा करणारी संस्था तीच आहे आणि तिथली नोंद चुकीची राहिली तर पैसा चुकीच्या नावावर जात राहतो. कंपनीच्या करारात ‘सर्व हक्क, सर्व काळासाठी’ अशी भाषा असेल तर सही करण्याआधी थांबा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या आणि संगीताच्या रचनाकाराला रॉयल्टीतला समान वाटा लिहून सोडून देता येत नाही. आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. तरीही हे सगळे मोघम राहू न देता मुदत, प्रदेश आणि माध्यम स्पष्ट लिहून घेणे चांगले.

तुमच्यासारखेच मिळून गाणी करणाऱ्या इतर वाचकांना एक सवय सुचवतो : गाणे जिथे तयार होते तिथे फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा. आपल्या एका गाण्यावरचा खटला २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात जिंकल्यानंतर एड शीरन या गायकाने सांगितले की तो आता गाणी रचण्याच्या बैठका चित्रित करून ठेवतो. एवढ्याची तुम्हाला गरज नाही, पण काम संपल्यावर “आज अमुक भाग अमक्याने केला” असा एक संदेश सामाईक गटात टाकायला मिनिटभर पुरते. वादकाला बोलावतानाही आधीच सांगा की लिहिलेले वाजवायचे आहे की काही नवीन सुचवायचे आहे, आणि दुसरे असेल तर त्याचे काय, हे त्याच्या हातात वाद्य येण्यापूर्वी ठरवा. रेकॉर्डिंग संपून सगळे खुशीत असताना हा विषय काढणे कुणालाच जमत नाही.

मित्राने ऐकलेच नाही तर? मग त्याला तुमचे म्हणणे आधी साध्या ईमेलने, पुराव्यांसह लेखी कळवा, आणि दोघांच्या विश्वासातल्या एखाद्या ज्येष्ठ संगीतकाराला मध्यस्थ करा. तरीही मार्ग निघाला नाही तर कॉपीराइटचे काम करणाऱ्या वकिलाला भेटा. एका सहमालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने यापूर्वी घेतलेली आहे, त्यामुळे तुम्ही अगदीच असहाय नाही. तिथवर गेल्यास ही जाहिरात बहुधा हातची जाईल, हे मात्र समजून घ्या.

अशा करारांत साधारणपणे एक हमी द्यावी लागते : या गाण्यावर अन्य कुणाचाही दावा नाही. बासरीवादकाचा निरोप तुमच्या फोनमध्ये असताना तुम्ही किंवा तुमच्या मित्राने त्या हमीवर सही केली, तर उद्या कंपनी नुकसानभरपाई तुमच्याकडेच मागू शकते. त्यामुळे कंपनीकडे थोडी मुदत मागा आणि हक्कांची नोंद दुरुस्त करत आहोत एवढेच खरे कारण द्या. बासरीवादकाच्या निरोपाला तुम्ही अजून उत्तर दिलेले नाही असे पत्रावरून दिसते. ते आजच द्या. मागणी मान्य आहे किंवा अमान्य आहे असे काहीही न लिहिता, रेकॉर्डिंगचे टेक ऐकायला तिघे भेटू या, एवढेच कळवा, आणि भेटीचा दिवस त्यालाच ठरवू द्या.